चिप परक्या, वाटा घरच्या

१९९१ साली पुण्याच्या ‘सी-डॅक’ने ‘परम ८०००’ हा महासंगणक जगापुढे ठेवला. पूर्ण बांधणीत त्याच्यात २५६ प्रोसेसर बसत आणि त्यांतला एकही भारतात बनलेला नव्हता. ब्रिटनमधल्या इनमॉस या कंपनीचे ते ‘ट्रान्सप्युटर’ होते. पैसे मोजले की बाजारात मिळणारे. तरीही देशभर ‘स्वदेशी महासंगणक’ म्हणून कौतुक झालं आणि ते खोटं नव्हतं. अडीचशे परक्या चिप एका खोलीत आणून ठेवल्या म्हणजे महासंगणक होत नाही. एका चिपला हवा असलेला आकडा दुसऱ्या चिपच्या स्मृतीत असतो. तो वेळेत, न हरवता, वाटेत कोंडी न होता तिच्यापर्यंत पोचवावा लागतो. ही पोचवण्याची विद्या पुण्यात घडली. भारतीय महासंगणकाचा पुढचा साडेतीन दशकांचा इतिहास या आतल्या वाटांच्या बाजूने वाचला, तर नेहमीच्या विक्रमांच्या यादीपेक्षा वेगळा दिसतो.

नकार

१९८० च्या दशकात महासंगणक म्हटलं की अमेरिकेच्या क्रे कंपनीचं यंत्र डोळ्यांपुढे येई. एक किंवा दोन-चार अतिशय वेगवान प्रोसेसर, त्यांना थंड ठेवणारी अवाढव्य व्यवस्था आणि कोट्यवधींची किंमत. भारताला असं यंत्र दोन कारणांसाठी हवं होतं. पहिलं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधनाचं आणि दुसरं मॉन्सूनच्या अंदाजाचं. पण हाच संगणक अण्वस्त्रं आणि क्षेपणास्त्रं यांच्या गणितालाही चालतो, या संशयावरून अमेरिकेने बंगळूरला हवं असलेलं यंत्र दिलं नाही. हवामानासाठी मात्र कमी ताकदीचा ‘क्रे एक्स-एमपी/१४’ दिला, तोही वापरावर कडक अटी घालून. तो दिल्लीत बसला.

या नकाराला उत्तर म्हणून मार्च १९८८ मध्ये पुण्यात ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड कम्प्युटिंग’, म्हणजे सी-डॅक, स्थापन झालं. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात काम सुरू झालं. प्रमुख होते विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपूरला अभियांत्रिकी शिकलेले, दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट मिळवलेले. मुदत तीन वर्षांची, पैसा तीसेक कोटींचा आणि उद्दिष्ट सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडींचं, म्हणजे एका गिगाफ्लॉपचं. थोडक्यात, एका परदेशी महासंगणकाच्या खरेदीला लागेल एवढ्या पैशांत संस्थाही उभारायची होती आणि यंत्रही.

क्रेसारखा एकच तगडा प्रोसेसर भारतात बनणं शक्य नव्हतं. तशा चिपचे कारखानेच इथे नव्हते. उरला मार्ग समांतर गणनेचा, म्हणजे स्वस्त आणि मध्यम वेगाचे पुष्कळ प्रोसेसर घेऊन काम वाटून देण्याचा. या वाटेवर सी-डॅक एकटं नव्हतं. बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचा ‘फ्लोसॉल्व्हर’ १९८६ पासून चालत होता. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात लवकरच ‘अनुपम’ आकार घेणार होता. या सगळ्यांना एकच प्रश्न छळत होता. काम वाटणं सोपं. पण वाटलेल्या कामांना एकमेकांची गरज पडते, तेव्हा काय करायचं?

चार लिंकांचं गणित

ट्रान्सप्युटर या प्रश्नासाठीच जन्मला होता. ब्रिस्टलमध्ये डेव्हिड मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला. १९८७ च्या ‘टी-८००’ या रूपात एकाच चिपवर प्रोसेसर होता, अपूर्णांकांचं गणित करणारा भाग होता, थोडी स्मृती होती आणि चार ‘लिंक’ होत्या. प्रत्येक लिंक म्हणजे शेजारच्या चिपकडे जाणारी थेट तार, सेकंदाला २ कोटी बिट वाहून नेणारी. मध्ये कुठलंही वेगळं यंत्र न ठेवता ट्रान्सप्युटरला ट्रान्सप्युटर जोडत जायचं, ही त्यामागची कल्पना. प्रत्येक चिप सेकंदाला सुमारे ४० लाख आकडेमोडी करू शकत असे. २५६ ने गुणलं की शंभर कोटींचा टप्पा गाठता येतो. कागदावर गिगाफ्लॉप तयार!

कागद आणि यंत्र यांच्यामध्ये त्या चार लिंका उभ्या होत्या. २५६ नोड, म्हणजे जाळ्यातले प्रोसेसर, १६ बाय १६ च्या चौकोनी जाळीत मांडले, तर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला ३० टप्पे पडतात. जाळीच्या कडा वळवून एकमेकींना जोडल्या, म्हणजे ‘टोरस’ केला, तर जास्तीत जास्त १६. आठ मितींच्या ‘हायपरक्यूब’मध्ये हेच अंतर ८ टप्प्यांवर येतं. मात्र त्याला प्रत्येक नोडला आठ लिंका लागतात आणि ट्रान्सप्युटरला चारच होत्या.

टप्पे कमी करणं इतकं महत्त्वाचं का होतं, हे साध्या हिशेबाने कळतं. प्रत्येक बाइटसोबत जाणारे खुणेचे बिट आणि पोच धरून टी-८०० ची एक लिंक एका दिशेने सेकंदाला साधारण १७ लाख बाइट नेत असे. म्हणजे एका किलोबाइटच्या निरोपाला एक टप्पा ओलांडायला सुमारे ०.६ मिलिसेकंद लागत. वाटेतली प्रत्येक चिप संपूर्ण निरोप आधी स्वतःच्या स्मृतीत उतरवून घेई आणि मग पुढे धाडी. सोळा टप्प्यांना जवळपास १० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात एका ट्रान्सप्युटरने ४०,००० आकडेमोडी उरकल्या असत्या. त्यात निरोप पुढे ढकलण्याचं काम त्याच प्रोसेसरच्या डोक्यावर असल्यामुळे वाटेतल्या चिपही स्वतःचं काम थांबवून हमाली करत.

यावरचा एक उपाय ‘परम ८०००’ मध्ये वापरला गेला. जोडणी कायमची न ठेवता प्रश्नानुसार बदलता येईल अशी ठेवली. द्रवाच्या प्रवाहाचं गणित असेल तर जाळी, दुसऱ्या कुठल्या कामाला वेगळी रचना. शिवाय निरोप कुणी, केव्हा आणि कोणत्या वाटेने पाठवायचा हे ठरवणारं सॉफ्टवेअर पुण्यातच लिहिलं गेलं. इथल्या तरुण अभियंत्यांचा खरा कस लागला तो या थरात. हे यंत्र पुढे रशिया, जर्मनीसारख्या देशांतही गेलं. ट्रान्सप्युटर त्या देशांना थेट ब्रिस्टलहून मिळत होतेच. पुण्याहून त्यांनी विकत घेतली ती बांधणी आणि तिच्यावर चालणारं सॉफ्टवेअर.

कोंडी आणि तिच्यावरचे उतारे

हाच प्रश्न त्या दशकात अमेरिकेतल्या उत्तम डोक्यांनाही गुंतवून होता. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत चार्ल्स साइट्झ आणि जेफ्री फॉक्स यांनी १९८३ मध्ये ६४ नोडांचा ‘कॉस्मिक क्यूब’ चालवून दाखवला. डॅनी हिलिस यांच्या थिंकिंग मशीन्स कंपनीने त्याहून धाडसी बेत केला. त्यांच्या ‘कनेक्शन मशीन’मध्ये ६५,५३६ अगदी साधे प्रोसेसर होते. सोळा-सोळा प्रोसेसर एका चिपवर, अशा ४,०९६ चिप, आणि प्रत्येक चिप इतर बारा चिपना जोडलेली. कुठलाही निरोप बारा टप्प्यांत पोचणार.

तिथे १९८३ च्या उन्हाळ्यात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन चक्क कर्मचारी म्हणून रुजू झाले. त्यांच्याकडे निरोपांना वाट काढून देणाऱ्या राउटरचं काम आलं. वाट मोकळी नसेल तेव्हा निरोपाला थांबायला जागा लागते, तिला बफर म्हणतात. प्रत्येक चिपवर असे किती बफर हवेत? अभियंत्यांनी आपल्या पद्धतीने सात धरले होते. फाइनमननी निरोपांच्या गर्दीकडे सलग वाहणारी राशी म्हणून पाहिलं, समीकरणं मांडली आणि पाच पुरतील असं सांगितलं. अभियंत्यांचा विश्वास बसेना. पुढे सात बफरांची चिप कारखान्यात बनवता येण्यापेक्षा मोठी झाली, तेव्हा नाइलाजाने पाच ठेवले गेले. यंत्र व्यवस्थित चाललं.

निरोप टप्प्याटप्प्यावर उतरवून घेण्यातला वेळ वाचवण्यासाठी साइट्झ आणि त्यांचे विद्यार्थी विल्यम डॅली यांनी वेगळी पद्धत पुढे आणली. निरोपाचे बारीक तुकडे करायचे, पहिल्या तुकड्यावर पत्ता लिहायचा आणि तो वाट काढत पुढे निघाला की बाकीचे न थांबता त्याच्या मागोमाग सोडायचे. संपूर्ण निरोप वाटेत कुठेच उतरवावा लागत नाही. त्यामुळे टप्पे सोळा असले तरी लागणारा वेळ एका टप्प्याहून फारसा वाढत नाही.

या वेगाची किंमत होती कोंडी. उसाच्या हंगामात कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीकडच्या एखाद्या अरुंद चौकात काय होतं ते आठवावं. ट्रॅक्टर पुढे जाऊन अडतो, पण त्याच्या मागच्या दोन ट्रॉल्या चौकातच आडव्या राहतात. त्या ट्रॉल्यांमुळे दुसरा ट्रॅक्टर थांबतो, त्याच्या ट्रॉल्या पुढचा चौक अडवतात, आणि असे चार जण चार चौकांत एकमेकांची वाट पाहत बसले की कुणालाच हलता येत नाही. लांबलचक निरोपांचं हुबेहूब असंच होतं. संगणकाच्या भाषेत हा डेडलॉक. रस्त्यावर निदान कुणीतरी खाली उतरून मागचा-पुढचा करतो. यंत्राच्या आत उतरायला कुणी नसतं. सगळी गणना तिथेच थिजते.

साध्या चौकोनी जाळीत यावर नियम पुरतो. प्रत्येक निरोपाने आधी पूर्व-पश्चिम अंतर संपवायचं आणि मगच उत्तर-दक्षिण वळायचं. मग वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ तयारच होऊ शकत नाही. मात्र कडा जोडलेल्या टोरसमध्ये वर्तुळं मुळातच असतात, तिथे हा नियम अपुरा पडतो. डॅली आणि साइट्झ यांनी १९८७ च्या शोधनिबंधात उतारा दिला. तार एकच, पण तिच्या तोंडाशी थांबायच्या जागा दोन वेगळ्या ठेवायच्या आणि वर्तुळातली एक ठरावीक सीमा ओलांडली की निरोपाने पहिल्या जागेतून दुसऱ्या जागेत जायचं. दोन आभासी वाटांमुळे वर्तुळ तुटतं. पुढच्या काळातल्या बहुतेक महासंगणकांच्या राउटरांत ही युक्ती कुठल्या ना कुठल्या रूपात आली.

दुसरा उतारा लेस्ली व्हॅलियंट यांचा, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा आणि पहिल्यांदा ऐकताना वेडगळ वाटणारा. प्रत्येक निरोप सरळ मुक्कामी पाठवायचा नाही. आधी चिठ्ठी टाकून निवडलेल्या भलत्याच नोडकडे पाठवायचा आणि तिथून मुक्कामाकडे. अंतर दुपटीच्या घरात जातं, हे खरं. पण सगळे निरोप एकाच वाटेवर तुटून पडण्याची शक्यता जवळजवळ नाहीशी होते. मुद्दाम लांबच्या वाटेने गेलं की सगळे मिळून लवकर पोचतात, हे व्हॅलियंटनी गणिताने सिद्ध केलं.

परमनेट

पुण्यात या मधल्या काळात प्रोसेसर बदलत होते. १९९२ च्या ‘परम ८६००’ मध्ये इंटेलच्या ‘आय-८६०’ची जोड आली. पाठोपाठ ‘परम ९०००’ मध्ये सन कंपनीचे ‘स्पार्क’ घराण्यातले प्रोसेसर. ट्रान्सप्युटरचं युग संपत आलं होतं. इनमॉसचा पुढचा ‘टी-९०००’ इतका रेंगाळला की त्याची वाट पाहणं कुणालाच परवडलं नाही.

चिप बदलली की तिच्या सोबतच्या लिंका गेल्या. स्पार्कच्या चिपला ट्रान्सप्युटरसारखी शेजाऱ्याकडे जाणारी तार नव्हती. म्हणजे जाळं आता वेगळं आणावं लागणार होतं. ‘परम ९०००’ साठी ज्या रचनेचा आधार घेतला गेला, ती होती क्लॉस जाळ्याची. बेल लॅब्जमधल्या चार्ल्स क्लॉस यांनी ती १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी सुचवली होती. हजार फोन हजार फोनांना थेट जोडायचे तर दहा लाख स्विच लागतात. त्याऐवजी लहान स्विचांचे तीन थर रचले आणि मधल्या थरात पुरेसे स्विच ठेवले, तर त्याहून कितीतरी कमी सामानात कुठलाही फोन कुठल्याही मोकळ्या फोनला जोडता येतो, आधीचं एकही संभाषण न तोडता. आवाजासाठी काढलेली ही युक्ती चाळीस वर्षांनी आकड्यांच्या कामी आली.

१९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये सी-डॅकने स्वतः घडवलेलं ‘परमनेट’ बसवलं. आठ दारांचा स्विच, प्रत्येक दारातून दोन्ही दिशांना एकाच वेळी सेकंदाला ४० कोटी बिट. मोठं यंत्र हवं असेल तर स्विचला स्विच जोडत जायचं. या यंत्राचे प्रोसेसर सनच्या सर्व्हरांतले, बाजारातून घेतलेले होते. २००३ मध्ये जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत १७१ वा आलेल्या ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे ‘पॉवर-४’ प्रोसेसर होते आणि जाळं होतं ‘परमनेट-२’, अडीच गिगाबिट वेगाचं. २००८ च्या ‘परम युवा’त इंटेलच्या चिप होत्या आणि ‘परमनेट-३’ दहा गिगाबिटांवर पोचलं होतं. सतरा वर्षांत इनमॉस, सन, आयबीएम, इंटेल अशा चार परदेशी घरांचे प्रोसेसर येऊन गेले. त्या ओळीत पुण्याची म्हणावी अशी सातत्याने वाढलेली गोष्ट एकच होती. ती म्हणजे त्यांना जोडणारं जाळं.

मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर निर्बंध पुन्हा कडक झाले, तेव्हा या घरच्या जाळ्याचं मोल कळलं. सर्वसाधारण सर्व्हर जगभर विकले जात, त्यांच्यावर पूर्ण बंदी घालणं अवघड. शेकडो सर्व्हरांना एक यंत्र म्हणून चालवणारं जाळं मात्र मोजक्यांकडेच होतं. विक्रेत्याला नाही म्हणणं सोपं जाईल अशी वस्तू तीच होती आणि ती पुण्यात तयार होत होती.

करमरकरांची भूमिती

याच शहरात जाळ्याचा एक अगदी निराळा विचारही येऊन पोचला. नरेंद्र करमरकर ग्वाल्हेरचे, मुंबईच्या आयआयटीचे १९७८ चे पदवीधर. १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’चे प्रश्न सोडवण्याची नवी रीत शोधली आणि ते जगभर गाजले. विमानांची वेळापत्रकं, तेलशुद्धीकरण, मालवाहतूक अशा कामांत मर्यादित साधनांचा सर्वांत चांगला वापर काढणारं हे गणित.

त्या रीतीच्या प्रत्येक पायरीला हजारो अज्ञातांची समीकरणं सोडवावी लागतात. त्यांचा तक्ता बहुतांशी शून्यांनी भरलेला असतो आणि उरलेले आकडे वेडेवाकडे विखुरलेले. असे आकडे समांतर यंत्रात गोळा करताना जाळ्याची दमछाक होते, कारण कोण कुणाकडे काय मागेल याला धरबंध नसतो. करमरकरांनी १९९१ मध्ये यावर प्रक्षेपी भूमितीतला तोडगा मांडला.

तिचं सर्वांत लहान रूप सात बिंदूंचं. सात बिंदू, सात रेषा, प्रत्येक रेषेवर तीन बिंदू आणि प्रत्येक बिंदूतून तीन रेषा. कुठल्याही दोन बिंदूंतून नेमकी एकच रेषा जाते. करमरकरांनी बिंदूंच्या जागी स्मृती ठेवल्या आणि रेषांच्या जागी प्रोसेसर. समजा दोन आकड्यांचा गुणाकार करायचा आहे आणि ते दोन वेगळ्या स्मृतींत पडले आहेत. त्या दोन बिंदूंतून जाणारी रेषा एकच, म्हणून गुणाकार करणारा प्रोसेसरही आपोआप एकच ठरतो. दोन्ही आकडे त्याच्या थेट शेजारी असतात. वाटेत टप्पेच नाहीत! शिवाय या भूमितीची सममिती वापरून आकड्यांच्या मागण्यांचे असे गट बांधता येतात की एका वेळी सगळ्या तारा कामात असतात आणि एकाही तारेवर दोन निरोप येत नाहीत. आकृती मोठी केली तरी तारा बेताच्या वाढतात. ७३ प्रोसेसर आणि ७३ स्मृतींना प्रत्येकी नऊ तारा पुरतात.

१९९८ ते २००५ या काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना त्यांनी या विचाराचा नमुना उभारला. तो मोठा करण्यासाठी टाटा समूहाने पैसा दिला आणि पुण्यात ‘कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज’ ही कंपनी निघाली. करमरकर तिचे संस्थापक संचालक. नोव्हेंबर २००७ मध्ये या कंपनीचा ‘एका’ हा महासंगणक ११७.९ टेराफ्लॉपचा (टेराफ्लॉप म्हणजे हजार गिगाफ्लॉप) वेग दाखवून जगात चौथा आला. भारतातल्या कुठल्याही यंत्राला तो क्रमांक आधी मिळाला नव्हता आणि नंतरही मिळालेला नाही. यादीत नोंदलेल्या त्या यंत्रात एचपीचे सर्व्हर, इंटेलचे प्रोसेसर आणि बाजारात मिळणारं ‘इन्फिनिबँड’ जातीचं जाळं होतं. करमरकरांची आणि कंपनीची वाट पुढे वेगळी झाली. कंपनी यथावकाश टीसीएसमध्ये गेली.

चौथा क्रमांक कमी मोलाचा नव्हता. एवढं यंत्र खासगी पैशांतून, थोड्या अवधीत उभं करणं हे मोठंच काम. पण महासंगणक आता सुटे भाग विकत घेऊन उभारता येतो आणि त्या सुट्या भागांत जाळंही आलं, हे ‘एका’ने दाखवून दिलं. परमनेटचा वेग बाजारातल्या इन्फिनिबँडच्या मागे पडू लागला. ‘परम सिद्धी-एआय’ २०२० मध्ये जगात ६३ वा आला, तेव्हा त्याच्या आतले प्रोसेसर आणि जाळं दोन्ही परदेशी होते.

ढग मोजणारं जाळं

ज्या मॉन्सूनसाठी क्रेची याचना झाली होती, त्याचं गणित आता पुण्यातच होतं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये चार पेटाफ्लॉपचा (पेटाफ्लॉप म्हणजे हजार टेराफ्लॉप) ‘प्रत्यूष’ सुरू झाला. तोही क्रेचाच, ‘एक्ससी-४०’ या मालिकेतला. तीस वर्षांत नकार विरून गेला होता.

हवामानाचं गणित करताना पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकतात. ‘प्रत्यूष’वर चालणाऱ्या मुख्य प्रारूपात एक चौकट सुमारे १२ किलोमीटरची. उजळाईवाडीच्या विमानतळाला लागून असलेलं गडमुडशिंगी आणि कोल्हापूर शहर एवढ्या अंतरात सहज मावतात; प्रारूपाच्या लेखी दोन्हीकडचा पाऊस सारखाच. प्रत्यक्षात करवीरच्या पश्चिमेला गगनबावड्यात दिवसेंदिवस उघडीप नसते, तेव्हा पूर्वेकडे शेतं वाट पाहत असतात. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडेल का, हे पश्चिमेच्या चौकटींत काय पडतं त्यावर ठरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली होती.

म्हणून चौकट लहान करायची. पण ती निम्मी केली की संख्या चौपट होते. वर काळाची पावलंही निम्मी करावी लागतात. म्हणजे आठपट काम आणि त्यासाठी जास्त प्रोसेसर. इथे जाळ्याचा खर्च डोकं वर काढतो. एका प्रोसेसरकडे १०० बाय १०० चौकटींचा तुकडा असेल, तर १०,००० चौकटींमागे कडेच्या साधारण ४०० चौकटींची माहिती शेजाऱ्यांना कळवावी लागते, चार टक्के. तेच काम शंभरपट प्रोसेसरांत वाटलं आणि तुकडा १० बाय १० चा झाला, तर शंभरांत जवळपास चाळीस. प्रोसेसर वाढवत जाल तसं प्रत्येकाचं गणित आटतं आणि बोलणं वाढतं. शिवाय हे १२ किलोमीटरचं प्रारूप ‘स्पेक्ट्रल’ पद्धतीचं आहे. त्यात वाऱ्याचा आणि तापमानाचा नकाशा लहरींच्या रूपात फोडतात आणि त्यासाठी दर पावलाला तक्त्याच्या ओळींचे स्तंभ करावे लागतात. तेव्हा केवळ शेजारी शेजाऱ्याशी बोलून भागत नाही. प्रत्येकाला पुष्कळ लांबच्यांकडेही आकडे पाठवावे लागतात.

‘प्रत्यूष’मधलं ‘एरीज’ जाळं अशा गर्दीसाठी रचलेलं आहे. ९६ राउटरांचा एक गट, प्रत्येक राउटरला चार नोड, गटाच्या आत दाट जोडणी आणि गटागटांमध्ये लांब पल्ल्याच्या थेट तारा. ‘ड्रॅगनफ्लाय’ नावाची ही रचना २००८ मध्ये सुचवणाऱ्यांत डॅली होते, कोंडीचं वर्तुळ तोडणारे तेच. आणि दोन गटांमधली थेट तार तुंबली की राउटर निरोपाला तिसऱ्याच गटावरून वळवून नेतो. व्हॅलियंटची लांबच्या वाटेची युक्ती अशी पाषाणात पोचली.

सप्टेंबर २०२४ मध्ये याच संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ आला आणि मे २०२५ मध्ये त्याच्यावर चालणारी सहा किलोमीटर चौकटींची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. तिचा रोख ग्रामपंचायतींपर्यंत अंदाज पोचवण्यावर आहे. गडमुडशिंगीसाठी याचा अर्थ असा, की कोल्हापूर शहराच्या चौकटीपासून सुटून स्वतःच्या चौकटीत जाण्याची वेळ जवळ आली आहे.

वाटांची किंमत

प्रोसेसरपेक्षा जाळं दुय्यम समजणाऱ्यांनी बाजाराकडे पाहावं. २०१२ मध्ये इंटेलने क्रेचा जाळ्यांचा विभाग १४ कोटी डॉलरना घेतला. ‘एरीज’ त्यातच होतं. चिपच्या दुनियेत अनभिषिक्त सम्राट असलेल्या कंपनीला जाळं विकत घ्यावं लागलं. २०२० मध्ये एनव्हिडियाने इन्फिनिबँड बनवणारी मेलॅनॉक्स सुमारे ७ अब्ज डॉलरना आपल्यात घेतली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी हजारो चिप एकत्र राबतात. त्या विकणाऱ्यांनी चिप आणि वाटा दोन्ही एकाच हातात ठेवल्या आहेत. १९९० च्या दशकात बाजारातला प्रोसेसर घेऊन स्वतःचं जाळं त्याला जोडणं पुण्याला जमलं, कारण तेव्हा त्या दोन गोष्टी वेगळ्या मिळत. पुढच्या पिढीला ती मोकळीक तेवढी असेलच असं नाही.

सी-डॅकने हे ओळखलेलं दिसतं. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या ४,५०० कोटींच्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत ‘रुद्र’ नावाचे सर्व्हर इथे रचले गेले आणि ‘त्रिनेत्र’ नावाचं नवं जाळं हाती घेतलं गेलं, आधी १०० आणि मग २०० गिगाबिट वेगाचं. १९९८ च्या परमनेटच्या एका दाराच्या पाचशेपट. ‘परम रुद्र’ मालिकेतलं एक यंत्र पुण्याच्या ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये रुजू झालं. त्याच्यातल्या चिप इंटेलच्याच आहेत, जशा १९९१ मध्ये इनमॉसच्या होत्या.

नव्या महासंगणकाच्या बातमीत पेटाफ्लॉपचा आकडा ठळक छापतात. तो आकडा बहुतांशी चिप बनवणाऱ्याचा असतो आणि पैसे टाकले की वाढतो. पुण्याने या क्षेत्रात जे स्वतःचं म्हणून कमावलं, ते त्या आकड्याच्या बाहेर होतं. परमनेटच्या तीन पिढ्या बाजारापुढे मागे पडल्या हे खरं, पण जाळं घडवू शकणारी माणसं त्याच पिढ्यांनी तयार केली आणि ‘त्रिनेत्र’ त्यांच्या भरवशावर उभं आहे. देशाने चिपचे कारखाने आज ना उद्या उभारावेतच. तोवर, आणि त्यानंतरही, यंत्र आपलं किती हे ठरवताना त्याच्या आतल्या वाटा कुणी आखल्या हे आधी विचारलं पाहिजे.